पावडर कोटेड फ्रेमवरचे ओरखडे: कोल्हापूरकर दुचाकीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातली गॅरेजवाली मंडळी, कॉलेजची पोरं आणि जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणारे हौशी लोक, या सगळ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. बहुतेकांचा रोख रंगावर असतो: कुठला डबा घेऊ, कुठला शेड जुळेल. आमचं म्हणणं वेगळं आहे. ओरखडा टिकाऊ बुजवायचा तर लोखंड स्वच्छ आणि कोरडं करणं आणि ओरखड्याच्या कडा उतरत्या करणं, यातच खरं काम आहे. तिथं घाई केली तर महागातला महाग रंगही पहिल्या पावसाळ्यात सुटतो. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा उजळणी नको.

१. पावडर कोटिंग म्हणजे नक्की काय? साध्या रंगापेक्षा वेगळं काय असतं?

कोरड्या पावडरला गनमधून विजेचा भार देऊन ती अर्थिंग केलेल्या फ्रेमवर उडवतात. पावडर धातूला चिकटून बसते. मग फ्रेम ओव्हनमध्ये जाते आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटं भाजली जाते. पावडर वितळते, पसरते आणि कायमची घट्ट होते. थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो.

यातला ‘कायमची’ हा शब्द महत्त्वाचा. एकदा भाजलेली पावडर पुन्हा वितळत नाही. म्हणून ओरखडा गरम करून मिटवता येत नाही (प्रश्न ११ पाहा). थर जाड आणि कडक असल्यामुळे तो सहजासहजी खरचटत नाही, हे खरं. पण एकदा फुटला की फुटलेल्या जागी उभी कड तयार होते, तिथून पाणी आत शिरतं आणि वरून काही न दिसता गंज थराखाली सरकत जातो.

२. माझ्या गाडीची फ्रेम पावडर कोटेडच आहे हे कसं ओळखू?

सीटखालची, सहसा न दिसणारी जागा निवडा. पांढऱ्या फडक्यावर थोडं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर घेऊन दहा-पंधरा सेकंद घासा. फडक्याला रंग लागला, जागा चिकट झाली, तर तो हवेवर वाळलेला साधा रंग आहे. नीट भाजलेल्या पावडरला काही होत नाही, फार तर चमक किंचित उतरते. मात्र ओव्हनमध्ये भाजलेला द्रव रंग आणि हार्डनरवाला पीयू (पॉलीयुरेथेन) रंगसुद्धा ही परीक्षा पास होतात. मग बोल्टच्या भोकांच्या कडा पाहा. पावडरच्या थरामुळे कड गोलावलेली दिसते आणि आटे मास्क केले (टेपनं झाकले) नसतील तर थर आट्यांतही बसलेला असतो.

खूप जुन्या गाडीची फ्रेम पावडर कोटेड असेल तर ते काम बहुधा नंतर कुणीतरी करून घेतलेलं असतं. अशा वेळी खालची तयारी कशी केली होती याची खात्री नसते, म्हणून प्रश्न ३ मधली टेपची परीक्षा करूनच पुढं जा.

३. ओरखडा किती खोल आहे हे घरी कसं तपासायचं?

आधी धुवा आणि पुसा. चिखलाची रेघ आणि ओरखडा यांत लांबून फरक कळत नाही. मग टॉर्च आडवी धरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर चरा वरवरचा आहे. नख अडकतं पण तळाशी रंग तोच दिसतो, तर थर अजून शिल्लक आहे. तळाशी राखाडी किंवा काळपट दुसरा थर दिसला तर तो बहुधा कंपनीचा प्राइमर असतो. तो शाबूत असेल तर लोखंड अजून झाकलेलं आहे. चकाकतं लोखंड दिसलं तर त्याच आठवड्यात हात घाला. तपकिरी दिसलं तर गंज सुरू झालाय.

शेवटी ओरखड्यावर मास्किंग टेप घट्ट दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पापुद्रे निघाले तर दुखणं ओरखड्याचं नाही, थराची धातूवरची पकडच सुटली आहे. तिथं टचअप करून उपयोग नाही. प्रश्न ९ आणि १९ वाचा.

४. नुसता वरवरचा चरा आहे. पॉलिशनं जाईल का?

ग्लॉसी फिनिश असेल तर बहुधा जातो. २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. ट्यूबच्या कडा आणि वेल्डचे कोपरे मात्र टाळा. वितळताना पावडर धारेवरून मागे सरकते आणि आतल्या कोपऱ्यांत ती मुळातच कमी पोचते, त्यामुळे दोन्हीकडे थर पातळ असतो.

मॅट किंवा टेक्श्चर फिनिशवर कंपाउंड लावूच नका. ओरखडा जाईल आणि त्या जागी कायमचा चमकदार डाग राहील. फूटरेस्टजवळ बूट घासून मॅट फ्रेम गुळगुळीत चमकायला लागते, तीही पुन्हा मॅट करता येत नाही. नवी फ्रेम असतानाच तिथं पीपीएफचा, म्हणजे रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मचा तुकडा लावला तर हा त्रास टळतो.

५. लोखंड दिसतंय. घरी टचअप करायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय करायचं?

दोन दिवस हाताशी ठेवा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची कोरडी हवा या कामाला उत्तम.

गाडी शाम्पूनं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओरखड्याजवळची साइड पॅनेल, केबल, वायरिंगचे क्लिप सोडवून बाजूला करा. आता आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा ऑटो पेंटच्या दुकानात मिळणारं ग्रीस रिमूव्हर घ्या. एका फडक्यानं ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल फक्त इकडचं तिकडं होतं. ही सफाई घासण्याच्या आधीच करायची, कारण तेलकट जागेवर पेपर मारला की तेच तेल धातूच्या खरबरीत पृष्ठभागात रुतून बसतं.

मग कटर ब्लेड जवळजवळ आडवं धरून ओरखड्याच्या कडेखाली हलकेच सारा. सुटलेला थर लगेच उचकटतो. तो काढत जा, ब्लेड अडेपर्यंत. दाण्याएवढा ओरखडा नाण्याएवढा झाला तरी चालेल, सुटलेली कड आत ठेवायची नाही. सगळ्यात जास्त कामं इथंच बिघडतात, कारण चांगला दिसणारा रंग उचकटायला जीव होत नाही.

उघड्या लोखंडावर २४० नंबर. कडांवर ३२०, मग ४००. इथं वेळ द्या. पावडरचा थर कडक असल्यामुळे कड उतरती व्हायला रंगापेक्षा जास्त घासावं लागतं. पेपर रबराच्या छोट्या तुकड्यावर गुंडाळला तर बोटांचे खड्डे पडत नाहीत. झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. डोळे मिटा आणि बोटाचं टोक लोखंडावरून पावडरवर न्या. कुठंही पायरी लागली नाही, लोखंड कधी संपलं आणि पावडर कधी सुरू झाली हे बोटाला कळलं नाही, की झालं. मग भोवतीच्या इंचभर शाबूत पावडरवर ६०० नंबर फिरवून चमक मारा, नाहीतर नव्या रंगाला तिथं पकड मिळत नाही.

पुन्हा दोन फडक्यांची सफाई. यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. घामातल्या मिठाचे ठसे रंगाखाली गंज धरतात. मास्किंग टेप लावा आणि लगेच टू-के (वापरताना हार्डनर मिसळायचा) इपॉक्सी प्राइमर द्या. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, आपल्याकडच्या दमट हवेत तेवढ्यातही तांबेरा धरतो. प्राइमर आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलंय तेच घ्या, अंदाजानं नको. छोट्या जागेला शून्य नंबरचा ब्रश पुरे, त्याहून बारीक ठिपक्याला दातकोरणी. दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी ६०० नंबरनं प्राइमर सपाट करा, पुसा आणि वरचा रंग, बहुधा टू-के पीयू (प्रश्न ६ पाहा), द्या. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात बरे, प्रत्येक दोन हातांत डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून. शेवटचा हात किंचित बाहेर, ६०० मारलेल्या भागावर न्या. आठवडाभर त्या जागेवर शाम्पू, पॉलिश, प्रेशर वॉशर काही नको.

एक काळजीची गोष्ट. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसांना बाधतं आणि काहींना त्यातून कायमचा दमा जडतो. कापडी मास्क त्याला अडवत नाही. ब्रशचं काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा. गननं फवारायचं असेल तर घराच्या पार्किंगमध्ये करू नका. योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

६. साधा स्प्रेचा डबा चालत नाही का? आणि रेड ऑक्साइड?

साधा स्प्रे म्हणजे हार्डनर नसलेला, हवेवर वाळणारा रंग. सीटखाली, साइड पॅनेलच्या आत, जिथं पेट्रोल आणि हात दोन्ही पोचत नाहीत, तिथं चालून जातो. टाकीखाली, पेट्रोल कॉकजवळ, कार्ब्युरेटरच्या आसपास नको. पेट्रोलचे थेंब पडले की तो मऊ पडतो आणि पुसताना फडक्याबरोबर येतो. अशा जागी हार्डनरवाला टू-के पीयूच घ्या. छोट्या कामाला थोडासा रंग पुरतो. ऑटो पेंटची दुकानं बऱ्याचदा सुटा रंग आणि हार्डनर देतात.

ग्रीलला मारतात तो रेड ऑक्साइड लोखंडाला वाईट नाही, पण तो पीयूखाली घालू नका. पीयूच्या थिनरनं तो खालून फुगतो आणि वर सुरकुत्या येतात.

७. काळ्यावर काळाच मारला तरी ठिगळ का दिसतं?

फरक रंगाचा कमी आणि चमकेचा जास्त असतो. पावडरच्या रंगांना बऱ्याचदा राल (RAL) कोड, म्हणजे ठरलेल्या रंगयादीतला क्रमांक असतो, उदाहरणार्थ राल ९००५ म्हणजे गडद काळा. पण तोच ९००५ ग्लॉस, सॅटिन, मॅट आणि टेक्श्चर अशा चार तऱ्हांनी येतो. दुकानात नुसतं ‘काळा द्या’ म्हणू नका. साइड पॅनेलखालचा फ्रेमचाच एखादा सुटा ब्रॅकेट घेऊन जा आणि चमक जुळवून मागा. पीयूमध्ये मॅटिंग एजंट घालून चमक उतरवता येते.

घरी आल्यावर रंग आधी डब्याच्या झाकणावर मारून वाळवा आणि उन्हात व सावलीत धरून बघा. टेक्श्चर फिनिश ब्रशनं हुबेहूब जुळत नाही. तिथं ठिगळ दिसणार हे मान्य करून गंज रोखण्यावर लक्ष द्या.

८. मैत्रिणीनं सांगितलं नेलपॉलिश लाव. लावू का?

कोरड्या, ताज्या ओरखड्यावर चार-आठ दिवसांपुरतं झाकण म्हणून पारदर्शक नेलपॉलिश चालेल. त्यात गंज रोखणारं काही नसतं आणि धक्क्यानं, कंपनानं ती टवका होऊन उडते. पुढं खरं टचअप करताना ती अ‍ॅसिटोननं पूर्ण काढावी लागेल. काळ्या मार्करनं तर फक्त ओरखडा दिसेनासा होतो, म्हणजे गंजाकडेही लक्ष जात नाही.

९. गंज आधीच आलाय आणि बाजूला फुगवटाही दिसतोय. आता?

फुगवटा म्हणजे गंज थराखालून सरकतोय. दिसणाऱ्या डागाच्या पुढंही तो गेलेला असतो, म्हणून ब्लेडनं थर उचकटत चकाकत्या लोखंडापर्यंत जा. आधी वायर ब्रश, मग १८० किंवा २४० नंबरचा पेपर. बहुतेक गंज हातानंच निघतो. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा. टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचा हा द्रव उरलेल्या गंजाचं काळपट, स्थिर थरात रूपांतर करतो. स्वच्छ लोखंडावर कन्व्हर्टर फासण्यात अर्थ नाही, आणि सुटा गंज न काढता त्यावर ओतण्यात तर त्याहून नाही. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, पूर्ण वाळवा आणि प्रश्न ५ मधल्या प्राइमरपासून पुढं चला.

ट्यूबवर खड्डे खोल गेले असतील, स्क्रू ड्रायव्हरनं टोचल्यावर लोखंड दबत असेल, तर रंगाचा विचार सोडा. गाडी चालवू नका, आधी फ्रेमच्या जाणकार वेल्डरला दाखवा.

१०. ओरखडा जुलैमध्ये पडला. दिवाळीपर्यंत थांबू?

थांबा, पण ओरखडा उघडा ठेवून नाही. रोज गगनबावडा किंवा राधानगरीकडून येणाऱ्याच्या फ्रेमला चार महिने वाळायला उसंतच मिळत नाही. जागा पुसा, हेअर ड्रायरनं कोमट करा आणि मेणाचं पॉलिश किंवा ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. दर धुण्यानंतर पुन्हा लावा. चिकटपट्टी मात्र लावू नका, तिच्याखाली पाणी कोंडतं. टचअपच्या वेळी हे ग्रीस पूर्ण काढायला विसरू नका.

पावसातच काम करणं भाग असेल तर घरात करा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग देऊ नये आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त असावं, हा रंगकामाचा ठरलेला नियम आहे. हेअर ड्रायरनं ट्यूब हाताला कोमट लागेल इतपत तापवली की धातूच्या तापमानाची अट साधते. दमट हवेत एनसी रंग वाळताना पांढरट पडतो, म्हणून पावसाळ्यात तो वापरूच नका.

११. पावडरच आणून हीट गननं ओरखड्यावर वितळवली तर?

डोकं चांगलं चालवलंय, पण जमत नाही. पावडर नीट भाजायला धातूच १८०–२०० अंशांपर्यंत जाऊन तिथं काही मिनिटं स्थिर राहावा लागतो. फ्रेमची लांब ट्यूब उष्णता ओढून घेते. वरची पावडर वितळून चकाकते, पण आत कच्चीच राहते आणि नंतर टवक्यानं निघते. भोवतीची जुनी पावडर जास्त तापून पिवळी पडते ते वेगळंच. वायरिंग आणि पेट्रोलच्या पाइपजवळ हीट गन धरणं तर सरळ धोक्याचं आहे. पावडर थिनरमध्ये कालवून ब्रशनं लावायचा प्रकारही करतात. थिनर उडून जातो आणि खाली न भाजलेली भुकटी उरते.

१२. लेग गार्ड आणि साडी गार्डच्या क्लॅम्पखाली दरवेळी खरचटतं. उपाय काय?

क्लॅम्पखाली थर एकदम फुटत नाही, घासून घासून जातो, कारण क्लॅम्प आणि ट्यूबमध्ये धूळ अडकते आणि प्रत्येक कंपनाला ती पॉलिश पेपरचं काम करते. फक्त बोल्ट आवळल्यानं ती बाहेर येत नाही. क्लॅम्प सोडा, दोन्ही बाजू धुवा, ओरखडा प्रश्न ५ प्रमाणे बुजवा, आठवडाभरानं मध्ये रबराची पट्टी घालून बसवा. सायकलची जुनी ट्यूब कापून घातली तरी चालते, पण वर्षातून एकदा काढून आत पाणी साचत नाही ना ते बघा. पट्टी घातल्यावर बोल्टचा आवळ पुन्हा तपासा, रबर बसलं की क्लॅम्प सैल पडतो.

स्टिअरिंग हेडजवळ केबल घासतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठं लागते ते पाहा. तिथं पीपीएफचा तुकडा लावा आणि केबलला स्लीव्ह घाला. केबल टाय आवळून केबल तशीच बांधून टाकू नका, हँडल वळताना ती ताणली तर क्लच किंवा थ्रॉटल ओढला जाईल.

१३. वॉशिंग सेंटरवाला फ्रेमला डिझेल मारतो. घरचे म्हणतात पावसाळ्याआधी जुनं इंजिन ऑइल लाव. बरोबर का?

डिझेलनं भाजलेल्या पावडरचं फारसं बिघडत नाही, पण ते ओरखड्यात शिरून बसतं आणि नंतरचं टचअप धरत नाही. ज्या महिन्यात टचअप करायचं त्या महिन्यात डिझेल वॉश नको म्हणून आधीच सांगा.

जुनं ऑइल लावण्याची रीत उघड्या लोखंडाच्या काळातली आहे. शाबूत पावडरला त्याची गरज नाही. त्यावर धूळ चिकटून किटण साचतं, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि रबराच्या वस्तू फुगतात, आणि वापरलेलं ऑइल कातडीलाही चांगलं नाही. मेणाचं पॉलिश लावा.

१४. बॅटरीखालच्या पत्र्यावरचीच पावडर का सुटते?

तिथं बहुधा ओरखडा नसतो, आम्ल असतं. पाणी भरायच्या बॅटरीचा ओव्हरफ्लो पाइप निसटला की आम्ल थेट फ्रेमवर ठिबकतं. आधी बॅटरी काढा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत. मग भरपूर पाण्यानं धुवा. आम्ल न मारता वरून रंग दिला तर तो काही आठवड्यांत फुगून येतो. दुरुस्तीनंतर पाइप खाली, फ्रेमपासून दूर सोडलाय ना ते बघा.

१५. गाडी पुरात बुडाली होती. बाहेरून फ्रेम ठीक दिसते, काही करायला हवं का?

हो, आणि आतून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरात आणि पंचगंगेकाठच्या गावांत कित्येक गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. पावडर बाहेरच्या बाजूला बसते. ट्यूबच्या आत ती जवळजवळ पोचतच नाही, कारण विजेचा भार बंद पोकळीत शिरत नाही. म्हणजे आतून लोखंड उघडंच, आणि पुराचा गाळ तिथं बसलेला.

फ्रेमच्या खालच्या बाजूला पाणी जाण्याची भोकं असतात. ती बारीक तारेनं मोकळी करा, आतून स्वच्छ पाणी सोडून गाळ काढा आणि कंप्रेसरनं हवा मारून काही दिवस वाळवा. मग त्याच भोकांतून गंजविरोधी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) लांब नळीनं आत फवारा. भोकं बुजवू नका. बाहेरचे ओरखडे त्यानंतर प्रश्न ५ आणि ९ प्रमाणे.

१६. ओरखडा नाही, पण वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ आहे आणि तिच्यातून तपकिरी पाणी उतरतं.

याला ओरखडा समजून रंग फासू नका. पावडर कडक असते. खालचं लोखंड तडकलं की तीही त्याच रेषेत तडकते आणि आतला गंज पावसानंतर बाहेर ओघळतो. स्टिअरिंग हेड, स्विंगआर्मचा पिव्हट आणि इंजिन माउंट या जागी अशी रेघ दिसली तर गाडी उभी करा.

रेघेभोवतीची पावडर काढून डाय पेनेट्रंट टेस्ट, म्हणजे डीपी टेस्ट, करून घ्या. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा; तडा असेल तर लाल रेघ उमटते. कास्टिंग आणि मशीनिंगचं गाव असल्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगावकडे ही टेस्ट करणारे शोधायला अवघड नाही. तडा निघाला तर पूर्ण तयारीनं वेल्डिंग किंवा फ्रेम बदल, दुसरा मार्ग नाही. पावडरवरून तसंच वेल्डिंग करू देऊ नका. धूर विषारी असतो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात.

१७. ओरखडा चॅसी नंबरवरच आहे. घासू का?

नाही. नंबरावर पेपर, वायर ब्रश, ब्लास्टिंग (दाब देऊन कणांचा मारा करून साफ करणं) काहीच नको. अंक पुसट झाले तर गाडी विकताना आणि तपासणीत खोड काढली की काय अशी शंका येते. मऊ ब्रशनं साफ करा, गंज असेल तर कन्व्हर्टरचा पातळ हात द्या आणि पारदर्शक पीयूनं झाका. फ्रेम पुन्हा पावडरला देताना नंबर मास्क करायला लेखी सांगा आणि त्याआधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. जाड पावडरनं अंक भरून जातात.

१८. स्विंगआर्म अ‍ॅल्युमिनियमचा आहे. पद्धत तीच का?

सफाई आणि कडा तशाच, प्राइमर वेगळा. अ‍ॅल्युमिनियमवर तपकिरी गंज येत नाही, पांढरी भुकटी येते, म्हणून ती बऱ्याचदा धूळ समजून सोडली जाते. घासल्या घासल्याच त्यावर ऑक्साइडचा नवा थर बसायला लागतो, तेव्हा लगेच अ‍ॅल्युमिनियमला चालणारा इच प्राइमर किंवा तसं डब्यावर लिहिलेला इपॉक्सी प्राइमर द्या. लोखंडावर वापरलेला पेपर आणि वायर ब्रश इथं नको, लोखंडाचे कण रुतून तिथून झीज सुरू होते. वर सांगितलेलं रस्ट कन्व्हर्टरही अ‍ॅल्युमिनियमसाठी नाही.

१९. टचअप पुरे झालं, पूर्ण फ्रेम पुन्हा पावडर करायची वेळ कधी येते? देताना काय सांगू?

टेपबरोबर अनेक जागी पापुद्रे निघाले, फुगवटे विखुरलेले आहेत, किंवा वेल्डिंग झालंय, तर पूर्ण काम करा. एक-दोन ओरखड्यांसाठी करू नका, कारण पावडरपेक्षा गाडी पूर्ण सोडून पुन्हा जुळवण्याचीच मजुरी आणि वेळ मोठा.

देण्याआधी बेअरिंग, कप, बुश, रबर, प्लॅस्टिक सगळं काढा. स्टिअरिंग हेडमध्ये ग्रीस राहिलं तर ओव्हनमध्ये ते वितळून ओघळतं आणि भोवतीची पावडर धरत नाही. आटे, बेअरिंगच्या बैठका, अर्थिंगची जागा आणि चॅसी नंबर मास्क करायला सांगा; अर्थिंगच्या जागी पावडर बसली तर गाडी जुळवल्यावर वायरिंगचे विचित्र दोष निघतात. साधी पॉलिएस्टर पुट्टी भरलेली फ्रेम देऊ नका, ओव्हनमध्ये ती फुगते किंवा तडकते. खड्डा भरायचाच असेल तर वेल्डनं भरून ग्राइंड करून घ्या.

पावडर प्युअर पॉलिएस्टरची मागा. नुसती इपॉक्सी उन्हात भुरकट पडते; ती प्राइमरच्या थरासाठी उत्तम, वरच्या थरासाठी नाही. ब्लास्टिंग झाल्यावर फॉस्फेटिंग (पावडर धरावी म्हणून लोखंडावर फॉस्फेटचा थर देणं) करणार का, किती वेळात कोटिंग करणार, हे विचारा. ब्लास्ट केलेली फ्रेम पावसाळ्यात दोन दिवस पडून राहणार असेल तर तिथं देऊ नका.

२०. अपघातात फ्रेम खरचटली. आधी रंगवू की इन्शुरन्सला कळवू?

आधी कळवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काही घासू नका, रंगवू नका, फक्त फोटो काढा. ओरखड्याबरोबर फ्रेम वाकली आहे का तेही तपासून घ्या. हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा दोन्ही चाकं एका रेषेत नसतील, तर रंगाचा विषय नंतर.

२१. नवी पावडर करून महिनाही झाला नाही आणि पापुद्रे निघतायत. चूक कुणाची?

निघालेला पापुद्रा उलटा करून पाहा. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ आणि खालचं लोखंड चकाकतं असेल, तर पावडर धातूला धरलीच नाही: तेल राहिलं, ब्लास्टिंग झालं नाही किंवा फॉस्फेटिंग वगळलं. मागे तपकिरी भुकटी असेल तर गंजावरच पावडर मारली. पापुद्रा बोटांत वाकवल्यावर तुकडे पडत असतील आणि प्रश्न २ मधल्या थिनरच्या परीक्षेत फडक्याला रंग लागत असेल, तर पावडर कच्ची भाजली आहे. फ्रेमच्या जाड भागात हे जास्त होतं, कारण ओव्हनची हवा तापते त्यापेक्षा जाड लोखंड उशिरा तापतं.

तीनही बाबतींत टचअप करू नका. पापुद्रे एका पिशवीत जपून ठेवा, जागांचे फोटो काढा आणि फ्रेमसकट जॉबवर्कवाल्याकडे घेऊन जा. पुन्हा ब्लास्टिंगपासून काम करून मागा. वरून दुसरा थर मारून देतो म्हणाले तर नको म्हणा. खालचा सुटलेला थर वरच्यालाही घेऊन निघतो.